उजव्या पायाचे हाड

आईचा फोन आला तेव्हा मी संस्थेच्या प्रयोगशाळेत हाडांच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होते. "दादा गेला गं," एवढेच ती म्हणाली. तिचा दादा म्हणजे माझे सुदाममामा. सकाळी दुकानाचे शटर वर करताना ते खाली बसले आणि पुन्हा उठलेच नाहीत. मी हातातली चिठ्ठी सरळ चिकटवली, निघायची वेळ ठरवली. आणि मग लक्षात आले की, मनात सर्वांत आधी आले ते दुःख नव्हते, सुटका होती. आता ते कबूल करावे लागणार नाही... त्याला दीड महिना झाला. त्या क्षणाची लाज अजून उतरलेली नाही.

आगरदांड्याच्या धक्क्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर मामांचे मटणाचे दुकान. आमचे घर त्याला लागूनच. बकऱ्याच्या घोट्याचे एक छोटे, चौकोनी हाड असते. मामा ती हाडे उकळून, घासून मला सागरगोटे खेळायला देत. अट एकच. डोळे मिटायचे, हाडावरून अंगठा फिरवायचा आणि डावे की उजवे ते सांगायचे. चुकले की हाड परत. शरीररचनेचा माझा पहिला धडा तो. पुढे संस्थेत कोणी घरच्यांविषयी विचारले की मी "मामांचा व्यवसाय आहे" म्हणून विषय संपवत असे. कसला, ते सांगत नसे.

जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांपासून देवमासे कसे घडले, हा माझ्या संशोधनाचा विषय. मामांना तो मुळीच पटत नसे. सुट्टीत घरी गेले की जेवताना आमची खडाजंगी ठरलेली. "तू माझ्या बकऱ्याला समुद्रात ढकलायला निघालीस व्हय?" ते हसून विचारत. मी जीवाश्मांच्या सांगाड्यांची चित्रे दाखवी: नाकपुड्या मागे सरकलेल्या, मागचे पाय आखूड होत गेलेले. ते शांतपणे म्हणत, "चित्रात काय, कायबी जोडता येतंय. हाड दाव. हाड खोटं बोलत न्हाय, बोलला तर बघणारा बोलतो."

म्हणून गेल्या विज्ञान दिनाला, माझ्या जुन्या शाळेने व्याख्यानाला बोलावले तेव्हा, मी हाड नेले. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या देवमाशाच्या घोट्याच्या हाडाची प्लास्टरची प्रतिकृती. त्यावर माझ्याच अक्षरात चिठ्ठी होती: डावा पाय. मामा इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या बाकावर बसले होते. प्रश्नांची वेळ आली तशी ते पुढे आले, हाड हातात घेतले, डोळे मिटले, अंगठा फिरवला. "पोरी, ह्यो उजवा हाय." मुले खुदखुदली. मुख्याध्यापक माझ्याकडे पाहू लागले. मी माईकमध्येच म्हणाले, "मामा, हे तुमच्या दुकानातलं बकरं नाही. देवमासा आहे." सगळे सभागृह हसले. मामांनी हाड टेबलावर ठेवले. "व्हय बाय... तू शिकलेली," म्हणाले आणि जागेवर जाऊन बसले.

माझ्या त्या वाक्याचे मी अनेकदा विश्लेषण केले आहे. दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असलेले हे हाड बकरी, हरीण, गाय यांच्या घोट्यात सापडते आणि त्या प्राचीन देवमाशांच्याही. नात्याचा इतका भक्कम पुरावा दुसरा क्वचितच असेल. बकऱ्यावर पोसलेल्या अंगठ्याने एका माणसाने देवमाशाचा पाय ओळखला होता. माझ्या बाजूचा सर्वांत चांगला पुरावा माझ्या विरोधकानेच टेबलावर ठेवला होता. आणि केवळ जिंकायचे म्हणून मी सुचवले की, याचा बकऱ्याशी संबंध नाही. म्हणजे माझाच सिद्धांत मी नाकारला, आणि वर हशा मिळवला.

गडबडीत ती प्रतिकृती शाळेतच राहिली. संस्थेत त्याच साच्यातली दुसरी होती. तिसऱ्या दिवशी मी ती आकृत्यांशी ताडून पाहिली. उजवा. फोन हातात घेतला... आणि खाली ठेवला. गणपतीत घरी गेले तेव्हा मामांनी वाढता वाढता विचारले, "ते हाड बघितलंस का परत?" "वेळच नाही मिळाला, मामा." "बघ सवडीनं. माझंबी चुकत आसंल."

दिवसकार्य आटोपल्यावर मामीने फळीवरून सागरगोट्यांचा पत्र्याचा डबा काढून दिला. "शाळेतून तुझी वस्तू आणली हुती त्यांनी. दुकानातलं हाड आणून तिला लावून बघत बसायचे. म्हनायचे, ती इचारंल तवा देईन." डब्यात दोन फडकी होती, एकात डावी हाडे, एकात उजवी. उजव्यांत माझी प्रतिकृती. चिठ्ठी त्यांनी काढली नव्हती. मी उंबऱ्यावर बसले, डोळे मिटले, अंगठा फिरवला.

"उजवा," मी म्हणाले. "मामी, मामांचं बरोबर होतं."

"त्ये त्यांना ठावं हुतं," मामी म्हणाली. "तुला कवा कळलं?"

"तिसऱ्याच दिवशी."

मामीने डबा माझ्या मांडीवरून उचलला, झाकण दाबून लावले आणि परत फळीवर ठेवला.