विश्रांतवाडीचा बुद्धिबळ क्लास

माझा मुलगा बुद्धिबळाच्या क्लासला जातो, हे आमच्या सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्याला प्यादं आणि वजीर यांतला फरक कळत नव्हता आणि कळून घ्यायची इच्छाही नव्हती. सात वर्षांचा होता, मोजकेच शब्द बोलायचा आणि आनंद झाला की गॅलरीच्या ग्रिलवर स्टीलचा चमचा वाजवायचा. डॉक्टरांनी स्वमग्नता म्हणून सांगितलं होतं. शनिवारी त्याला थेरपीला न्यावं लागे, तोच आमचा बुद्धिबळ क्लास.

थेरपीचं केंद्र तसं कात्रजला आमच्या मागच्याच गल्लीत होतं. पण त्याच्या खाली भाजीवाला, आणि त्या भाजीवाल्यापाशी संध्याकाळी आमची अख्खी सोसायटी मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करत उभी असते. मला मुलाची लाज वाटत नव्हती, धास्ती होती सल्ल्यांची. पुण्यात एक वेळ कुणी पाणी विचारणार नाही, पण सल्ला दिल्याशिवाय सोडणार नाही. ब्राह्मी तूप द्या, बदाम द्या, जावळ नीट काढलं होतं ना? "आमच्या मेहुणीचा मुलगासुद्धा बोलत नव्हता हो, आता हिंजवडीत आहे!" हिंजवडीत माझा नवराही आहे. तोही फारसा बोलत नाही.

म्हणून मी शहराच्या पार दुसऱ्या टोकाचं, विश्रांतवाडीचं केंद्र शोधून काढलं. थेरपी पाऊण तास, रिक्षा त्याच्या तिप्पट, आणि त्यात पोरगं कंटाळून रडायचं. गणपतीत मंडळानं त्याचं नाव परस्पर बुद्धिबळ स्पर्धेत घातलं, तेव्हा त्याला खोटा ताप आणावा लागला.

आमच्या बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये सोसायटीचे सेक्रेटरी राहायचे. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. चमच्यावरून त्यांचं-आमचं बोलणं बंद होतं. आधी त्यांनी फलकावर लिहिलं, 'भांडी वाजवण्याचा छंद असणाऱ्यांनी तो मोकळ्या मैदानात जोपासावा.' मग एकदा जिन्यात म्हणाले, "अहो, लग्नाचा बँड ठरवलाय का?"

"ठरवलाय, तुम्हाला आमंत्रण नाही," असं म्हणून मी वर निघून आले होते.

त्याच वर्षी शाळेनं बोलावून घेतलं. फाटकाशेजारच्या भिंतीवर 'प्रत्येक मूल वेगळे' असं रंगवलेली शाळा. मुख्याध्यापिका फार गोड बोलल्या. "आम्ही खूप इन्क्लुझिव्ह आहोत हो, पण बाकीच्या पेरेंट्सचाही विचार करावा लागतो ना. दिवाळीनंतर शॅडो टीचर तुमची तुम्ही आणा, नाहीतर दुसरी शाळा बघा."

शॅडो टीचर म्हणजे वर्गात मुलाशेजारी दिवसभर बसणारी बाई. मी ओळखीत सगळीकडे विचारलं. सगळ्यांनी "सांगतो" म्हटलं आणि कुणी सांगितलं नाही. मुलाला शाळा इतकी आवडायची, की तो दप्तर पाठीला लावूनच दात घासायचा. शाळा सुटली तर हा त्या गॅलरीतच मोठा होणार होता.

अशाच एका शनिवारी विश्रांतवाडीच्या केंद्रात बाकावर पाहते तो सेक्रेटरी! शेजारी त्यांची नात, बाराएक वर्षांची, दोन्ही कानांवर तळवे घट्ट दाबून बसलेली. ती शनिवारी गाण्याच्या क्लासला जाते, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं.

"गाणं का?" मी विचारलं.

"बुद्धिबळ का?" ते म्हणाले.

मी मुलाला घेऊन त्याच बाकावर टेकले. मग तेच बोलले. "तिला आवाज सहन होत नाही. तुमचा चमचा सुरू झाला की पलंगाखाली जाऊन बसते." मला फार वाईट वाटलं. एका छताखाली राहून मी त्या मुलीला धड पाहिलंही नव्हतं.

येताना आम्ही एकाच रिक्षेनं आलो आणि स्वारगेट येईपर्यंत तह झाला. आजी नातीला बागेत नेईल तेव्हा चमचा वाजेल, एरवी नाही. पुढच्या शनिवारपासून आम्ही भाजीवाल्याच्या डोक्यावरच्या केंद्रात जाऊ लागलो. सेक्रेटरी बरोबर असताना सल्ला द्यायची कुणाची टाप नव्हती.

शाळेचं कळल्यावर ते म्हणाले, "मी येतो." इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि मुख्याध्यापिकांना म्हणाले, "आपलं म्हणणं मला मान्य आहे. फक्त लेखी द्या."

"अहो काका, लेखी कशाला? आपण समजुतीनं…"

"माझी समजूत जरा कमी आहे. शॅडो टीचर आणली नाही तर या मुलाला ठेवणार नाही, एवढं एकच वाक्य. खाली सही-शिक्का. मी थांबतो."

ते थांबले. आधी पाणी आलं, मग चहा आला, लेखी काही येईना. सेक्रेटरींनी चहाही सावकाश घेतला. कप खाली ठेवेपर्यंत मॅडमना आठवलं, की शाळेत एक मदतनीस बाई बराच वेळ मोकळ्या असतात, त्या वर्गात बसू शकतील. मुलाला काढण्याचा तर कधी विचारच नव्हता, आमचाच काहीतरी गैरसमज झाला होता.

फाटकाबाहेर आल्यावर मला हसू आवरेना. "काका, तुम्हाला हे जमतं तरी कसं?"

ते मैदानावरच्या मुलांकडे बघत होते. "नातीला याच शाळेतून काढली," ते म्हणाले. "तेव्हा मॅडम दुसऱ्या होत्या, वाक्य हेच होतं. जन्मभर लोकांना 'लेखी आणा' म्हणून परत पाठवलं मी. त्या दिवशी मात्र नुसतं 'बरं' म्हणालो आणि तिचं दप्तर उचललं."

त्यांनी येणाऱ्या रिक्षेला हात केला.

"जून आला की अजून गणवेश मागते ती."