घंटेत घेतलेलं नाव

देवाला मी रोज हात जोडते, पण भुतंखेतं, अंगात येणं, झपाटणं... यातलं मला कधीच काही पटलं नाही. गावी कुणाच्या अंगात आलं की मी सरळ उठून चुलीकडे जायचे. म्हणून आता हे कुणापुढे बोलायची लाज वाटते. लिहून ठेवते, म्हणजे डोकं तरी जरा हलकं होईल.

आम्ही दोघं मुलाकडे पापाकुराला राहतो, ऑकलंडच्या दक्षिणेला. हे भारतात नेव्हीत होते, बोटीच्या इंजिनरूममध्ये. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी यांची बोट पॅसिफिकच्या फेरीवर निघाली — फिजी, न्यूझीलंड, मग ऑस्ट्रेलिया. मी तेव्हा बाळंतपणाला वेंगुर्ल्याला, माहेरी. मुलगी झाली. यांना तार केली. बाराव्या दिवशी बारसं करायचं होतं, पण त्याच्या आधीच ती गेली... नाव न ठेवताच. हे घरी आले तोवर यांना कळलं होतं; यांनी काही विचारलं नाही, मीही काही सांगितलं नाही. पुढे नीलेश झाला. पण त्या पोरीला मनातल्या मनात हाक मारायची तरी कोणत्या नावाने? एवढी वर्षं ती माझ्यासाठी नुसती 'ती'च होती.

मागच्या शनिवारी नीलेश म्हणाला, "आई, डेव्हनपोर्टला नेव्हीचं म्युझियम आहे, जाऊया. बाबा, तुम्ही पण चला."

"उभा जन्म बोटीत काढला. आता फेरीबोटीचे धक्के खात बोटीच बघायला येऊ? तुम्ही जा," हे म्हणाले.

मी, नीलेश आणि नात इरा, तिघंच गेलो. फेरीतून उतरलं की नेव्हीचा तळ दिसतो, करड्या रंगाच्या बोटी रांगेत उभ्या. म्युझियममध्ये एक धिप्पाड माओरी, म्हणजे इथले मूळचे, गृहस्थ होते, नेव्हीतून रिटायर झालेले. "किया ओरा", म्हणजे नमस्कार, म्हणत त्यांनी आम्हाला एका पितळी घंटेजवळ नेलं. ते सांगत होते, नीलेश मला मराठीत सांगत होता. या तळावरची एक लढाऊ बोट सामोआ, टोंगा, फिजी सगळीकडे फिरली, मग भंगारात गेली. उरली ती ही घंटा. नेव्हीत रीतच आहे म्हणे, खलाशाला मूल झालं की बोटीची घंटा उलटी करायची, तिच्यात पाणी भरायचं आणि त्या पाण्याने बाळाचं नाव ठेवायचं.

"म्हणजे बारसं!" मी म्हटलं.

इरा टाळ्या पिटायला लागली. मागच्या महिन्यात शेजारच्या कुलकर्ण्यांच्या बाळाचं बारसं तिने पाहिलं होतं. "आजी, डू द कुर्रर्र! प्लीज!"

मी चारचौघांत तोंड उघडणारी बाई नाही. "गप गं," म्हटलं. पण ते गृहस्थ हसून घंटेकडे हात करत होते, नीलेश म्हणाला, "कर गं आई, इथे कोण ओळखतंय तुला?" मी वाकले. बाळाच्या कानाशी नेतो तसं तोंड घंटेच्या कडेशी नेलं आणि म्हटलं, "कुर्रर्र..."

तिथेच थांबायचं होतं. पुढे घ्यायला नाव होतंच कुठे? पण माझ्या तोंडून स्पष्ट आलं — "हंसा."

इरा म्हणाली, "हू इज हंसा, आजी?"

मला काय माहीत! सासरी नाही, माहेरी नाही, आमच्या गावात या नावाची बाई नाही. नीलेशने मला बाकावर बसवून पाणी दिलं.

घरी आले तर हे मागच्या अंगणात झाडाखाली पडलेली फिजोआची फळं गोळा करत होते. मी हसतहसतच सांगायला गेले. नाव ऐकलं आणि टोपली यांच्या हातून खाली पडली.

"कुणी सांगितलं तुला?"

"काय?"

"ते नाव."

मग तिथेच पायरीवर बसून यांनी सांगितलं. तार मिळाली तेव्हा यांची बोट इथेच होती, ऑकलंडच्या बंदरात. तार खिशात घालून हे शहरात हिंडले. एका डेअरीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानात, गल्ल्यावर गुजराती बाई होती. मुलगी झाली म्हटल्यावर तिने यांच्या तोंडात साखर घातली. "तिला तिचं नाव विचारलं, तर हंसा म्हणाली. तिथेच ठरवलं, पोरीचं नाव हेच. घरी पोचल्यावर सांगणार होतो..."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगायचं होतं गं तेव्हा?"

नीलेशचं म्हणणं, बाबा कधीतरी झोपेत बोलले असतील. हे घोरतात. झोपेत बोललेलं मी तरी कधी ऐकलं नाही. पण मग...? डोकं चालत नाही.

रविवारी सकाळी हे बूट घालून दारात उभे. "चल. बाप आहे मी तिचा."

आम्ही दोघंच गेलो. यांनी घंटेवर हात ठेवला, बराच वेळ. काही झालं नाही. परतीच्या फेरीत पाण्याकडे बघत यांनी विचारलं, "आवाज तुझाच होता ना? की..."

आवाज माझाच होता. एवढंच मी सांगू शकले. नाव माझ्या तोंडात कुणी ठेवलं, ते मला आजही कळलेलं नाही. तेव्हा यांनी माझा हात धरला आणि पलीकडचा धक्का येईपर्यंत आम्ही तिच्याबद्दल बोलत राहिलो. नाव घेऊन.