पूजेतले पेन

मुलीने पहिल्या पगारातून तिच्या आजोबांसाठी, म्हणजे माझ्या सासऱ्यांसाठी, शाईचे पेन मागवले. ती बंगळुरूला नोकरी करते. पार्सल चेन्नईला आमच्या घरी आले. सासरे तंजावरकडचे, निवृत्त शिक्षक, आमच्याजवळच राहतात. आजूबाजूला सगळे तामिळ असताना तिला मराठी लिहिता येते ते त्यांच्यामुळे.

मी चेन्नईजवळच्या आवडी या गावातल्या कारखान्यात तपासणी विभागात आहे. पेनावर भरघोस सवलत मिळाली होती, आणि इतक्या सवलतीत असे पेन मिळावे हे मला पटेना. संध्याकाळी सासरे देवळात गेल्यावर ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवले. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा वजन तीन ग्रॅम कमी. दांडा उघडला, तर शाई ओढून घ्यायची नळीच आत नाही. पेटीवर मात्र ती सोबत असल्याचे छापलेले. लांबी बरोबर होती, टोपण घट्ट बसत होते, निबेवरची अक्षरेही स्वच्छ होती. पण आमच्याकडे एक माप चुकले की माल नापास.

परत करायची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती आणि परतीची नोंद मुलीलाच करावी लागणार होती. म्हणजे तिला सांगायचे, की तुझ्या पहिल्या पगाराला कोणीतरी फसवले. सकाळी एकदा जाडी मोजू आणि मग फोन करू, असे ठरवले.

सकाळी पेन जागेवर नव्हते. त्या दिवशी नवमीची सरस्वतीपूजा होती. सरस्वतीपुढे, पुस्तकांच्या चळतीवर, नव्या शाईच्या खोक्याशेजारी ते चंदन-कुंकू लावून ठेवलेले होते. पूजेला ठेवलेली वस्तू आमच्या घरी विजयादशमीच्या सकाळपर्यंत कोणी उचलत नाही.

मी सासऱ्यांना बाजूला घेऊन सांगितले, की वजन कमी भरते आहे, पेन नकली असावे. त्यांनी शांतपणे ऐकले.

"माप्पिळ्ळै," जावयाला ते अशी तामिळच हाक मारतात, "काल कारखान्यात पूजेला ठेवलेली मापं आज कोणी उचलली तर तुम्ही चालवून घ्याल?"

"नाही."

"मग पेनही उद्याच."

पूजेची फुले निवडत बायको म्हणाली, "आणि आता उचललंत तर चंदनाचंही वजन येईल."

मी मुदतीचे सांगितले. त्यावर सासरे म्हणाले, "खोटं निघालं तरी मी त्यानंच लिहीन. पोरीला फोन करू नका."

मी केला नाही. मुदत संपली. त्या दिवशीचे सुंडल, म्हणजे प्रसादाची हरभऱ्याची उसळ, मला धड लागले नाही.

दसऱ्याच्या सकाळी आरती झाल्यावर सासऱ्यांनी शाईचे खोके उघडले आणि दौतीबरोबर ती नळी बाहेर काढली. नव्या पेनात शाई भरण्याआधी नळी कोमट पाण्याने धुवायची, ही त्यांची जुनी रीत. पार्सल आले त्याच दिवशी त्यांनी ती धुऊन, वाळवून खोक्यात ठेवली होती. मी अर्धवट जोडलेली वस्तू काट्यावर घालून नापास केली होती. नळीचे त्यांना एका शब्दाने विचारले असते तरी पुरले असते, पण मी फक्त वजनाचे बोललो.

त्यांनी नळी बसवली, चंदन पुसले आणि पेन माझ्यापुढे धरले. "आधी काट्यावर ठेवा. त्याशिवाय तुमच्या घशाखाली काही उतरायचं नाही."

वजन बरोबर भरले.

मग त्यांनी शाई भरली आणि नातीचे नाव लिहिले. निब कागदावर कुठे अडली नाही. त्याचा फोटो पाठवताच मुलीचा फोन आला.

"बाबा, तपासलंत ना?"

"तपासलं. अस्सल आहे."

"मग काल फोन कसा नाही आला? मी परतीचं पान उघडूनच बसले होते."

"आजोबांनी करू दिला नाही."

ती म्हणाली, "त्यांना द्या फोन."

मी दिला; ते बोलत आतल्या खोलीत गेले. कालचा फोन मी केला असता तर हे पेन आज परतीच्या वाटेवर असते, आणि तिला वाटले असते की आपल्याला खरेदी जमत नाही. सासऱ्यांनी मला त्यातून वाचवले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आतून त्यांचे हसणे ऐकू येत होते. मी काटा पुसून फडताळात ठेवला आणि बायकोकडे उरलेले सुंडल मागितले.