बंद दाराआडची प्रार्थना

लग्न होऊन मी राहात्याहून श्रीरामपूरला आले ते दुष्काळाचं साल होतं. मी त्यांची दुसरी बायको. पहिली क्षयाने गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरात तिचा एक फोटोसुद्धा नव्हता, त्यामुळे तिचा आपल्याला काही त्रास होणार नाही असं मी धरून चालले होते.

ते साखर कारखान्यात फिटर होते. पाळीला जाण्याआधी ते आतल्या खोलीत शिरत, दार लोटून घेत आणि पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून प्रार्थना करीत. स्टोव्हवरचा चहा उकळून काळा व्हायचा, तरी दार उघडायचं नाही. मुळात माणूस अबोल. भाजी खारट झाली तरी मुकाट्याने जेवणारा. माझ्याशी धड दोन शब्द नाहीत आणि देवाशी एवढं काय बोलायचं असतं, मला कळेना. माझ्या माहेरीही प्रार्थना व्हायची, पण सगळ्यांनी मिळून. वडील मोठ्याने करायचे आणि आमेन झालं की आम्ही ताटावर बसायचो.

एकदा सार्वजनिक नळावर रांगेत बसलो असताना मी सासूबाईंना सहज विचारलं, यांना लहानपणापासूनच प्रार्थनेची आवड होती का.

"कुटली आवड? ऐतवारी देवळात न्यायचं म्हणजे मागं लागावं लागायचं," त्या म्हणाल्या. "ती आजारी पडली तवापासनं बसतोय."

त्या दिवसापासून दार लोटल्याचा आवाज आला की मी भांडी आपटायची. ते आत तिलाच भेटायला जातात, अशी माझी खात्री झाली. मेलेल्या बाईशी भांडता येत नाही. तिची भाजी कधी खारट होत नाही, ती म्हातारी होत नाही. आणि मध्ये खुद्द देव, म्हणजे तक्रार तरी कुणाकडे करणार?

मग मीही वाचायला लागले. ते कामावर गेले की त्यांचं शास्त्र उघडून बसायची. त्यांना तिथे असं काय सापडतं ते मला बघायचं होतं. एकाच नवऱ्याला दिलेल्या दोन बहिणींची गोष्ट मी कितीदा वाचली, पण थोरलीची बाजू घ्यावी की धाकटीची, ते ठरेना. चर्चमधल्या बायकांच्या सभेत पाळकांनी एकदा विचारलं, आपण शास्त्र का वाचतो? कुणी म्हणाल्या शांती मिळते, कुणी म्हणाल्या बळ मिळतं. माझ्यावर आलं तेव्हा मी म्हणाले, आमच्या घरात तशी पद्धतच आहे. पाळकांनी सर्वांसमोर माझं कौतुक केलं.

एका सकाळी मात्र मला राहवलं नाही. मी दार ढकललं. ते जमिनीवर बसले होते, डोळे उघडे, पुस्तक मांडीवर मिटलेलं.

"तुम्ही तिच्याशी बोलता ना?" मी विचारलं.

ते रागावले नाहीत. म्हणाले, "नाही. तिला बरं कर म्हणून मागत होतो, ते दिलं नाही. का नाही दिलं, तेवढंच विचारतो."

"आणि माझ्यासाठी काही मागता?"

"तुझ्यासाठी मागायची भीती वाटते."

मी तिथेच खाली बसले. मग वडिलांसारखी मोठ्याने प्रार्थना केली, जमेल तशी. पाऊस मागितला, सासूबाईंच्या गुडघ्याला आराम मागितला, यांच्यासाठी मागितलं. तिचं नाव मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. तेवढं मन मोठं नव्हतं.

पुढे आम्ही एकत्र बसू लागलो. मी वाचायची, ते ऐकायचे. आमेननंतरही ते थोडा वेळ तसेच बसून राहत. त्या वेळात मला वाटा नव्हता, आणि ते मला खुपायचं.

पहिल्या बाळंतपणाला माहेरी निघाले तेव्हा ते एसटीपर्यंत सोडायला आले. गाडीत गर्दी होती. खिडकीखाली उभं राहून, माझ्याकडे बघतच, त्यांनी हळू आवाजात माझ्यासाठी देवाकडे मागितलं. सुखरूप परत आण, एवढंच. शेजारची बाई टक लावून बघत होती. मला रडू आलं. आणि त्याच क्षणी मनात हेही आलं, की तिच्यासाठीसुद्धा त्यांनी याच आवाजात मागितलं असेल.