शेवटच्या बांधीला आधी

माझ्या बायकोच्या मामांइतका उलट्या टोकाने विचार करणारा माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल. त्यांच्या पूर्वजांनी केशोरीकडे तलाव बांधले. मामाजी तिथल्या एका तलावाच्या पाण्याच्या पाळ्या लावतात. नियम एकच. पाणी आधी पाटाच्या शेवटच्या बांधीला, म्हणजे मातीच्या धुऱ्यांनी आखलेल्या भातखाचराला, मग मागे मागे येत तलावाजवळच्या धानाला. हा नियम धानापुरता राहिला असता तर कोणाची तक्रार नव्हती. बसच्या रांगेत ते शेवटच्या माणसाला आधी चढवतात, त्यामुळे स्वतः बहुधा पुढच्या बसने येतात. पुतणीच्या लग्नात त्यांनी वाढप्यांना पंगतीच्या शेपटाकडून सुरुवात करायला लावली. तिकडे बँडवाले बसले होते. त्यांनी दुसऱ्यांदा भात मागितला तेव्हा दुसऱ्या टोकाला रिकाम्या पत्रावळीसमोर बसलेल्या नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं, "भाईसाहब, हमारा नंबर कब आएगा?"

"तुमी तं तलावाजवळ बसले आहा," मामाजी म्हणाले. "तुमाले कायची घाई?"

वर्तमानपत्रातून निवृत्त झाल्यावर मी गोंदियाजवळ फुलचूरच्या घरी बसून वेबपेज बनवायला शिकलो. पहिलं काम मामाजींनीच दिलं: पाळ्यांचा तक्ता, गावात कोणालाही मोबाइलवर पाहता येईल असा. मी वर तलावाचा मोठा फोटो टाकला. खाली एका रांगेत तीन चौकटी: आज, उद्या, परवा. अक्षरं पांढऱ्यावर फिकट राखाडी. प्रत्येक चौकटीत घड्याळाचं चित्र असलेलं बटण. ते दाबलं की पाळी कोणाची ते कळणार. मला ते देखणं वाटलं होतं.

केशोरीला जाऊन दाखवलं, तेव्हा मामाजींनी फोन हातभर लांब धरला. "जवाई, तीन बांध्या एका धुऱ्यात काऊन कोंबल्या? आन् हे अक्षरं हायेत का धुकं?" मग रिवाजाप्रमाणे त्यांनी फोन शेवटच्या बांधीला दिला, म्हणजे मामींना.

मामींची नजर काचबिंदूने गेली आहे. त्याआधी तक्ता एकदा वाचला की सगळ्या पाळ्या त्यांना तोंडपाठ असत. शेजारपाजारचे त्यांना विचारून शेतावर जात. आता त्यांना सुनेला विचारावं लागतं, म्हणून त्या विचारतच नाहीत. त्यांनी फोनचा पडदा वाचून दाखवणारा आवाज सुरू केला आणि बोट फिरवलं. फोन म्हणाला, "चित्र. आज, बटण. उद्या, बटण. परवा, बटण."

"आजबी बटण, परवाबी बटण," मामी म्हणाल्या. "पाणी कवा येते थे सांगतच नाही."

"पाहा," मामाजी मला म्हणाले. "शेवटची बांधी कोरडी."

दुरुस्तीला चार दिवस लागले. चौकटी एकाखाली एक आल्या, अक्षरं काळी आणि ठळक झाली. बटणं काढून पाळी सरळ शब्दांत लिहिली आणि फोटोच्या वर आणली. फोटोमागे, फोनला वाचता यावं म्हणून, 'तलावाचे छायाचित्र' अशी ओळ घातली. मामींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून सुनेला हाक दिली, "उद्या सकाळी आपली पाळी हाय वो! फावडं काढून ठेव!" कोणी विचारलेलं नसताना.

मी निघायच्या तयारीत होतो, पण मामाजी अडून बसले. "तलावाचं छायाचित्र मंजे काय? तलाव तिनं पायला आहे. आज कसा दिसते, थे लिवा." त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: पाणी दगडी पायरीला टेकलं आहे, मोहाच्या झाडाखाली दोन म्हशी आहेत. मामींनी दोनदा ऐकलं.

"दोनच? तिसरी कोठी गेली?"

आता मामाजी रोज सकाळी तलावावरून मला फोन करतात आणि मी ती ओळ बदलतो. फोटो पहिल्या दिवसाचाच आहे. वर्तमानपत्रात फोटो एक आणि ओळ दुसरी गेली, तर मी उपसंपादकाला टेबलासमोर उभं करत असे. काल फोटोतल्या लख्ख निळ्या आभाळामागे मी लिहिलं: दाट धुकं आहे, पलीकडचा काठ दिसत नाही.

दुपारी मामींचा फोन आला. "जवाई, आज तं आपल्या सगळ्यायले सारखंच दिसलं."