मामांची शिवण

माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी आजवर कुणाला चेहऱ्यावरून ओळखल्याचं मला आठवत नाही. ते माणूस पायाकडून वाचायला सुरुवात करतात आणि बहुतेक वेळा कमरेच्या पट्ट्यापर्यंत पोहोचून थांबतात. लग्न ठरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या मुलुंडच्या घरी गेलो. दारात बूट काढले आणि नमस्काराला वाकलो, तर समोरून मामाही वाकले. मला वाटलं, काय हा विनय! तेवढ्यात त्यांनी माझा डावा बूट उचलला, नखाने ओरखडा काढून पाहिला, आत नाक घालून दीर्घ श्वास घेतला (पावसाळ्याचे दिवस होते, माणूस शूरच) आणि आतल्या खोलीकडे तोंड करून भाचीला म्हणाले, "मुलगा बरा आहे गं, पण फसतो."

मामा भांडुपच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. निवृत्त होताना सहकाऱ्यांनी एक बॅग भेट दिली आणि घरी पोहोचण्याआधीच तिचा पट्टा तुटला. 'हे शिवलंय तरी कुणी?' या एका प्रश्नापायी मामांचं म्हातारपण मार्गाला लागलं. कुर्ल्यात चपला-बॅगा करणाऱ्या कारागिरांकडे ते ती बॅग घेऊन गेले आणि तिथे जे बसले ते रोजच बसायला लागले. घरी येताना हाताला, सदऱ्याला चामड्याचा वास. कोकणातलं सोवळंओवळं पाळणारं घराणं, नातेवाईकांनी नाकं मुरडली. मामींचे भाऊ एकदा तोंडावरच म्हणाले, "भावोजी, ह्या वयात हे कसले धंदे? आपल्या घरात शोभतं का?" मामांनी त्यांच्या पायांकडे पाहिलं. "चपला काय रव्याच्या असतात? पायात चालतात आणि हातात चालत नाहीत?" भाऊ रागावून बरेच दिवस आले नाहीत. मामांच्या ते लक्षातही आलं नाही, कारण भावांच्या चपला रेक्झिनच्या होत्या आणि रेक्झिनची माणसं त्यांच्या लक्षात राहत नाहीत.

त्यांच्याकडे सल्ला मागावा लागत नाही, आपण हाताच्या अंतरावर आलो की पुरे. माझ्या मेव्हणीच्या डोक्यात एकदा पर्सचा व्यवसाय करायचं आलं. मशीन कुठली घेऊ, एवढंच तिने विचारलं. मामा म्हणाले, "बस." ती सकाळी बसली ती दुपारी उठली. "घरची मशीन चामड्याला लावू नकोस. ब्लाउज शिवणारी बाई ती, तिला हमाली सांगू नये. सुई तुटते आणि थेट डोळ्यात. सोफ्याची कव्हरं शिवतात ती मशीन बघ, तिचा वरचा पाय चामड्याबरोबर पुढे चालतो. जुनी घेतलीस तरी चालेल, पण चाक हाताने फिरवून बघ, कुठे अडकलं तर मालकाला चहाबद्दल थँक्यू म्हण आणि नीघ. पट्ट्यासाठी पाठीचं चामडं. पोटाचं घेऊ नकोस. पोट म्हशीचं काय, माणसाचं काय, सुटायचंच. ऑनलाइन हत्यारांचा मोठा डबा मिळतो, तो शोकेसमध्ये ठेवायला बरा. तुला लागते एक रापी कापायला, एक आरी भोकं पाडायला, हातोडी, दोन बोथट सुया आणि मेण लावलेला दोरा. रापीला धार ठेव, बोथट रापीच हात कापते. आणि टाचण्या लावायच्या नाहीत. कापड चूक विसरतं, चामड्याला भोक पडलं की पडलं." मेव्हणी बिचारी सगळं ऐकून घेत होती. शेवटी मामा म्हणाले, "एवढं सगळं घेतलंस की मशीनवर चादर टाक आणि हाताने शिव. मशीनचे दोन दोरे एकमेकांच्या भरवशावर असतात, एक तुटला की सगळी रांग उसवते. हाताच्या शिवणीत दोन्ही बाजूंनी सुई जाते, एक तुटला तरी दुसरा धरून ठेवतो. मी जाईन, माझी शिवण जायची नाही." मेव्हणी सध्या केक करते.

स्वतः मामांनी मात्र मशीन घेतलीच. लोखंडी, काळी, म्हशीच्या पारड्याएवढी. बिल्डिंगला लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यापर्यंत चार जणांनी ती चढवली आणि ती चालू झाली की खालच्या काकूंच्या मांडणीवरची भांडी वाजायला लागत. काकू वर आल्या भांडायला आणि परत गेल्या त्या पर्सची चेन दुरुस्त करून घेऊन. घाटकोपरला एका साखरपुड्यात मामा जेवायचे सोडून हॉलबाहेर चपलांच्या ढिगात बसले होते. एका पाहुण्याने त्यांच्या हातात आपले बूट आणि दहा रुपये ठेवले. मामांनी नोट खिशात घातली आणि नवरदेवाच्या काकांचे ते महागडे बूट असल्याचं कळल्यावर सर्वांसमक्ष सांगितलं, "अहो, हा चामड्याचा भुसा आहे, गोंदाने चिकटवलेला! पावसात नेऊ नका ह्यांना." लग्न झालं, पण त्या काकांशिवाय.

मामी ह्या सगळ्याला पुरून उरलेल्या. त्यांच्या पोळपाटावर चामडं कापलं जाई आणि वरवंटा हातोडीच्या जागी वापरला जाई. मामी वरवंटा लपवत, मामा शोधत, आणि मधल्या वेळेत जेवायला उशीर होई. "ह्यांना माझ्यापेक्षा म्हशीची पाठ जास्त ठाऊक," असं त्या आल्यागेल्याला सांगत. दोघांना मूल नव्हतं. भांडण हाच त्यांचा संसार होता आणि तो उत्तम चालला होता.

मग मामी वरवंटा लपवून विसरायला लागल्या. आधी वरवंटा, मग गॅस, मग रस्ता. आयुष्यभर मुंबईचं मराठी बोललेली बाई एकाएकी मालवणी बोलायला लागली. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत बसून म्हणायची, "माका घराक जाऊचा आसा." एकदा मी तिथे असताना त्यांनी मशीनवर वाकलेल्या मामांना विचारलं, "तुमी कोण? मशीन दुरुस्त करूक इलात काय?" मामा मान वर न करता म्हणाले, "होय. थोडा वेळ लागेल." मी हसलो, आणि मग मामांचा चेहरा दिसला तेव्हा हसल्याची लाज वाटली.

मामी घराबाहेर जायला लागल्या. दाराला वरून कडी बसवली, पण गॅसवाला येतो, कचरेवाली येते, आणि मामी वाऱ्यासारख्या. तेव्हा मामांनी त्यांच्या मनगटासाठी चामड्याचा पट्टा केला. त्यावर नाव, पत्ता आणि आपला मोबाइल नंबर ठोकून उमटवला. "शाई जाते, कागद भिजतो. हे राहणार." पहिला पट्टा बक्कलचा होता, तो संध्याकाळी तुळशीच्या कुंडीत सापडला. दुसऱ्याला चाप बटण लावलं, ते मामींनी शेंग सोलावी तसं सोललं. तिसऱ्याला स्क्रू. तो त्यांनी नाण्याने काढला आणि स्क्रू नीट मामांच्या पानाच्या डब्यात ठेवला. सगळं विसरलेल्या त्या बाईची बोटं काही म्हणता काही विसरली नव्हती. मामा वैतागत आणि त्याच वेळी मला फोन करून कौतुक सांगत, "जावईबापू, तिला कुर्ल्यात बसवली असती ना, तर कारागिरांची वाट लावली असती!"

उरला एकच उपाय. पट्टा हातावर ठेवूनच शिवून टाकायचा. मामा किती तरी दिवस ते टाळत होते. जिवंत माणसाला शिवायचं म्हणजे काय, असं म्हणाले. शेवटी एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. पट्टा त्यांनी आतून बकऱ्याच्या मऊ चामड्याने मढवला होता, घाम शोषावा आणि कातडी सोलू नये म्हणून. भोकं आधीच पाडलेली होती. शिवणीखाली एक पातळ पट्टी सरकवली, म्हणजे सुई हाताला लागायला नको. मी मामींचा डावा हात धरला. त्यांनी विचारलं, "दुखतला काय?"

"नाही गं," मामा म्हणाले.

दोन्ही बाजूंनी सुया जायला लागल्या तशा मामी निवांत झाल्या. त्यांना वाटलं, कासार बांगड्या भरतोय. हात सैल सोडून त्या बघत राहिल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "हिरव्यो नाय काय?"

मामांचा हात थांबला. "संपल्या हिरव्या," ते म्हणाले आणि पुढचा टाका घातला.

गाठ मारून दोरा कापला. मामींनी हात फिरवून पट्टा पाहिला, पदर डोक्यावरून घेतला आणि बांगड्या भरून झाल्यावर बाया कासाराला वाकून करतात तसा मामांना नमस्कार केला. मामा उठून मोरीत गेले. नळ बराच वेळ चालू होता.

तो पट्टा मामींना काढता आला नाही. दातांनी ओढला, दाराच्या कडीत अडकवून पाहिला, टाका हलला नाही. पुढे एकदा मामी निसटल्या, तेव्हा तास-दीड तासात मामांचा फोन वाजला. कुर्ला टर्मिनसच्या बाहेर एक चहावाला बोलत होता. आजी गावच्या गाडीची चौकशी करत होत्या, त्याने मनगट वाचलं. मामांनी रिक्षाने त्यांना घरी आणलं आणि येताना चहावाल्याच्या गल्ल्याची फाटकी पिशवी शिवायला घेऊन आले. त्या आठवड्यात त्यांनी सगळ्या नातेवाईकांना फोन केले. मामींच्या भावांनासुद्धा. "बघितलंत? शिवण!"

गेल्या वर्षी गणपती उठल्यानंतर मामी पुन्हा गेल्या. त्या दिवशी फोन वाजला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मामांनी पोलीस ठाण्यात तक्रार दिली, आम्ही सगळे पांगलो. कुर्ला, ठाणे, पनवेल, त्यांच्या गावापर्यंत जाऊन आलो. त्या चहावाल्याने आपल्या माणसांना कामाला लावलं. वृद्धाश्रम पाहिले, मानखुर्दपर्यंतचे निवारे पाहिले, हॉस्पिटलं पाहिली. मग ज्या जागी जायचं कुणी तोंडाने म्हणत नव्हतं तिथेही मामा जायला लागले. बेवारस कुणी बाई आली की पोलीस बोलावतात. मी दोनदा बरोबर गेलो. मामा चेहरा बघत नाहीत. तिथल्या माणसाला हळूच म्हणतात, "फक्त डावा हात दाखवा." हात पाहतात आणि "नाही" म्हणतात. बाहेर येऊन पायऱ्यांवर बसतात.

मोबाइल आता त्यांच्या खिशात नसतो, हातात असतो. पहिल्या घंटीला उचलतात. "हां बोला, कुठे आहे ती?" समोरची मुलगी कर्ज हवंय का विचारते. मामा तिचंही ऐकून घेतात, तिने चुकून वेगळंच काही सांगायला फोन केला असेल तर, म्हणून. सल्ले बंद झाले आहेत. मी मुद्दाम रस्त्यावरची पन्नास रुपयांची चप्पल घालून गेलो, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला त्यांच्या तोंडून एखादी सणसणीत शिवी ऐकायची होती.

मागच्या महिन्यात त्यांनी ते बोलून दाखवलं. बाकी आम्ही सगळे मनात तेच घोकत होतो, पण घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

"जावईबापू, पट्टा हातावर असता तर एवढ्या दिवसांत कुणी तरी वाचला असता. फोन केला असता."

"हो, मामा."

"म्हणजे एक तर पट्टा सुटला. नाहीतर..." ते थांबले. फोन या हातातून त्या हातात घेतला. "पट्टा सुटला असेल तर ती असेल कुठे तरी. कुणी जेवायला घालत असेल. नंबर नाही म्हणून फोन येत नसेल. पण माझी शिवण सुटत नाही हो. मी रोज देवाला सांगतो, आयुष्यात एकदा, फक्त ही एक उसवू दे."

घरी आलो आणि मामांनी मला शिवून दिलेलं पाकीट खिशातून काढलं. मुंबईच्या घामात आणि पावसात इतकी वर्षं वापरलेलं, एक टाका हललेला नाही. दाढीचं ब्लेड घेतलं आणि कडेची शिवण एका बाजूने उसवून टाकली. पुढच्या रविवारी मुलुंडला गेलो आणि जरा आवाज चढवूनच म्हणालो, "हे बघा, मामा, तुमची शिवण! मोठी बढाई मारत होता. चालता चालता सुटली."

मामांनी पाकीट घेतलं. चष्मा लावून खिडकीशी गेले. तेव्हा माझ्या लक्षात आलं की झिजून तुटलेल्या दोऱ्याचं टोक पिंजलेलं असतं आणि कापलेल्याचं नीट असतं. हे माझ्यासारख्या अडाण्याला कळतं, तर त्यांना कळणार नाही? ते एकेक टोक बोटावर घेऊन पाहत होते. माझ्याकडे पाठ होती. मी घाबरून उभा राहिलो.

खूप वेळाने वळले. डोळे भरले होते.

"कच्चा निघाला दोरा," ते म्हणाले. "ह्याच रिळातला मी तिच्या पट्ट्याला वापरला होता."

"मग तोही सुटला असणार, मामा."

"सुटला असणार." त्यांनी पाकीट माझ्या हातात दिलं आणि हात तसाच धरून ठेवला. "रीळ बघूनच घ्यायला हवं होतं. दुकानदार चोर."

"एक नंबरचा चोर," मी म्हणालो. मग आम्ही दोघं बराच वेळ त्या कच्च्या दोऱ्याला नावं ठेवत बसलो.