मांजर्लीत क्लॉस्थलाइट

कोल्हापूरहून निघताना मी बोराएवढा एक दगड कापसात गुंडाळून पिशवीत ठेवला. क्लॉस्थलाइट, म्हणजे शिसे आणि सेलेनियम यांचे दुर्मिळ खनिज. मी कॉलेजात भूशास्त्र शिकवते. एका परदेशी पाहुण्याने तो मला दिला होता. दादाला दाखवायला मी बदलापूरला निघाले होते.

दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात केमिस्ट. वर्षापूर्वी स्कूटरवरून पडला, डोक्याला मार बसला आणि नाकाला वास येणेच बंद झाले. गॅस गळला तर कळणार कसे, म्हणून त्याला प्लँटमधून काढून ऑफिसात बसवले. तेव्हापासून त्याचे बोलणे आटले होते.

कल्याणला गाडी बदलून बदलापूरला उतरले. टांग्याने मांजर्ली गाठली. घरामागे उल्हास नदी संथ वाहत होती. वहिनींनी मुद्दाम उल्हासनगरहून दाल-पकवान (हरभऱ्याच्या डाळीबरोबर कुरकुरीत पुरी) आणले होते. दादाने कागद चावावा तसे खाल्ले.

सकाळी गॅलरीत मी दगड त्याच्या तळहातावर ठेवला. करडा, निळसर झाक, धातूसारखी चकाकी.

"केवढा जड गं! गॅलिनाच वाटतो."

"दिसतो शिशाच्या त्या साध्या खनिजासारखाच. फोडला तर तुकडेही तसेच चौकोनी पडतात."

"मग तापवून बघू."

कितीतरी दिवसांनी तो लगबगीने उठला. कोळशावर इवलासा कण ठेवून त्याने फुंकनळीने ज्योत सोडली. कडेला सुंदर निळा रंग उमटला.

वहिनी पदर नाकाला लावून बाहेर आल्या. "अगं बाई, मुळा कुजला की काय?"

मी आनंदाने म्हणाले, "सेलेनियमच! तापवलं की कुजक्या मुळ्याचाच वास येतो," आणि दादाकडे पाहून जीभ चावली. तो रिकाम्या चेहऱ्याने आमच्याकडे बघत होता.

वहिनी त्याच्याजवळ बसल्या. "अहो, आपण आधी राहायचो त्या पालेगावच्या खोलीत पावसाळ्यात टोपलीच्या तळाशी मुळे राहिले होते, आठवतंय? तुम्ही उंदीर मेला म्हणून सगळं घर उपसलंत. तस्सा वास."

 दादा खुदकन हसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. "आणि आत्ता आत काय शिजतंय?"

"तांदूळ. नवा आहे, गोडसर वास सुटलाय."

त्या दिवशी तो दोनदा भात मागून जेवला.

परतताना दोघे स्टेशनवर सोडायला आले. दगड मी दादाकडेच ठेवला. त्याचे नाक काही मी बरे करू शकले नव्हते, पण येताना जो घोर मनात होता तो उरला नव्हता. गाडी हलता हलता माझ्या खिडकीखालच्या वडेवाल्यापाशी थांबलेल्या दादाच्या कानाशी वहिनी सांगत होत्या, "तेल जुनं आहे, पण लसूण मस्त खमंग."

"मग घे दोन," दादा म्हणाला.